कर्नल बदलला आणि लॅपटॉपची झोप उडाली

लिनक्सवर चालणाऱ्या लॅपटॉपचं झाकण रात्री मिटावं आणि सकाळी उघडावं तर बॅटरी शून्यावर. कधी झाकण उघडल्यावर पंखा फिरू लागतो, कीबोर्डचा दिवा लागतो, पण पडदा काळाच राहतो. कधी झोपायला सांगितलेला लॅपटॉप दोन सेकंदांत आपणहून जागा होतो. गेल्या आठवड्यापर्यंत यातलं काहीच होत नव्हतं. मध्ये फक्त एक अपडेट आलं आणि त्यात कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, बदलला. अशा वेळी पुष्कळ जण स्लीपचा नाद सोडतात आणि दिवसभर मशीन बंद-चालू करत बसतात. काही जण वैतागून सगळी सिस्टिम पुसून नव्याने टाकतात, आणि नव्या सिस्टिमबरोबर पहिल्याच अपडेटला तोच कर्नल परत येतो. या दुखण्याचा छडा घरबसल्या लावता येतो आणि त्यासाठी प्रोग्रॅमर असावं लागत नाही. कोणती गोष्ट आधी तपासायची आणि कोणती नंतर, एवढं ठरलेलं असलं म्हणजे पुरे.

तपास पूर्ण होईपर्यंत एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळा. झाकण मिटून लॅपटॉप बॅगेत टाकू नका. झोपला असं समजून बॅगेत ठेवलेला जागा लॅपटॉप बंद जागेत तापत राहतो, आणि ती उष्णता बॅटरीला सोसत नाही. प्रवासाला निघताना तो पूर्ण बंद करा. दुसरं पथ्य म्हणजे प्रत्येक चाचणीआधी उघड्या फायली सेव्ह करा. तपासात मशीन अडकणार, हे गृहीत धरूनच बसायचं.

पुढे ज्या आज्ञा येतील त्या मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत टाइप करायच्या. ‘वजा’ म्हणजे आडवी छोटी रेघ.

झोपेच्या वेळी आत काय घडतं

हे थोडं समजलं की पुढचा क्रम आपोआप कळतो. कर्नल आधी चालू असलेले सगळे प्रोग्रॅम गोठवतो. मग एकेका उपकरणाच्या ड्रायव्हरला आवरतं घ्यायला सांगतो: वाय-फाय, ब्लूटूथ, ग्राफिक्स, टचपॅड, एसएसडी, कॅमेरा. यातल्या एकानेही नकार दिला तर आधी निजवलेली उपकरणं पुन्हा उठवली जातात आणि झोपेचा बेतच रद्द होतो. सगळ्यांनी होकार दिला, तर जुन्या पद्धतीच्या झोपेत (झोपेचे प्रकार पुढे येतातच) एक सोडून प्रोसेसरचे बाकीचे कोअर बंद होतात आणि शेवटी सूत्रं फर्मवेअरकडे, म्हणजे आपण ज्याला सवयीने बायॉस म्हणतो त्याच्याकडे जातात. उठताना हाच प्रवास उलट्या दिशेने होतो.

म्हणजे एका झोपेसाठी डझनावारी ड्रायव्हरांचं एकमत लागतं. कर्नलची नवी आवृत्ती साधारण नऊ-दहा आठवड्यांनी येते आणि तिच्यात दहा हजारांहून अधिक बदल असतात. त्यातले बरेच ड्रायव्हरांमधले. शिवाय वापरणाऱ्याच्या नकळत मोठ्या उड्या पडतात. उबंटू २२.०४ ही दीर्घकाळ आधार मिळणारी आवृत्ती ५.१५ कर्नल घेऊन आली. पण डेस्कटॉपवर ती पुढे ५.१९, ६.२, ६.५ आणि ६.८ अशी सरकत गेली. ज्याने फक्त ‘अपडेट करा’ हे बटण दाबलं, त्याच्या मशीनमधला ग्राफिक्सचा ड्रायव्हर दोन वर्षांत चार वेळा बदलला. त्यातल्या एखाद्या उडीत एखाद्या मॉडेलची झोप मोडली तर त्यात नवल नाही.

पहिलं काम: जुना कर्नल पुन्हा चालवून पाहा

काहीही बदलण्याआधी, कुठलीही सेटिंग हलवण्याआधी हे करा. लिनक्सची बहुतेक वितरणं जुना कर्नल लगेच काढत नाहीत. उबंटू आणि डेबियनमध्ये मागचा कर्नल सहसा शिल्लक असतो, फेडोरात मुळातच शेवटचे तीन ठेवले जातात. मशीन चालू होताना एस्केप किंवा शिफ्ट दाबून ग्रबची, म्हणजे कोणता कर्नल चालू करायचा ते विचारणारी यादी आणा, त्यात ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’ निवडा आणि आधीचा आकडा असलेली ओळ घ्या. फेडोरात जुने कर्नल थेट पहिल्या यादीतच दिसतात. चालू झाल्यावर ‘यूनेम वजा आर’ ही आज्ञा देऊन खरंच जुनाच कर्नल चालू आहे ना, याची खात्री करा. आर्च वापरणाऱ्यांकडे जुना कर्नल उरत नाही, कारण तिथे नवा जुन्याच्या जागी बसतो. त्यांनी ‘लिनक्स-एलटीएस’ हे पॅकेज शेजारी बसवून घ्यावं. ते अडचण नसतानाही असलेलं बरं.

आता जुन्या कर्नलवर झोप तपासा. एकदाच तपासून निकाल देऊ नका, कारण झोपेचे दोष लहरी असतात. चार वेळा नीट झोपून पाचव्यांदा अडकणारी मशीनं असतात. दर वेळी झाकण मिटत बसायची गरज नाही. ‘आरटीसीवेक’ नावाची आज्ञा आहे. तिला ‘वजा एम मेम’ आणि ‘वजा एस ३०’ असे पर्याय दिले, आणि आधी ‘सुडो’ लावलं, की मशीन झोपतं आणि तीस सेकंदांनी घड्याळाच्या गजराने उठतं. ही आज्ञा ओळीने आठ-दहा वेळा चालवा. चार्जर लावून, चार्जर काढून, यूएसबीवरचा माउस काढून अशा सगळ्या तऱ्हांनी चालवा. मग नवा कर्नल चालू करून अगदी त्याच परिस्थितीत तेच करा.

जुन्यावर झोप शाबूत आणि नव्यावर मोडलेली, असं निघालं तर दोष नव्या कर्नलमध्ये आहे किंवा त्याच्याबरोबर बांधल्या जाणाऱ्या बाहेरच्या ड्रायव्हरमध्ये आहे. जुन्यावरही झोप मोडलेलीच असेल तर कर्नलला दोष देणं थांबवा. त्याच अपडेटमध्ये आणखी कोण आलं ते शोधा. याचं चांगलं उदाहरण २०२४ सालचं आहे. त्या वर्षी जूनमध्ये सिस्टिमडीची, म्हणजे सिस्टिममधल्या सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमची, २५६ वी आवृत्ती आली. कर्नलला झोपायला सांगण्याआधी वापरकर्त्याचे सगळे प्रोग्रॅम ती स्वतःच गोठवू लागली. एनव्हिडियाच्या बंद स्रोताच्या ड्रायव्हरशी हे जुळलं नाही आणि काही मशीनं झोपेत अडकू लागली. नवा कर्नलही त्याच सुमारास आलेला असल्याने लोक त्याच्याकडे बोट दाखवत होते. तो गोठवण्याचा भाग बंद करणारी सेटिंग पुढे काही वितरणांनी ड्रायव्हरच्या पॅकेजातच घालून दिली. फर्मवेअरच्या फायलींचं पॅकेज किंवा बायॉसचं अपडेटही असंच गुपचूप आलेलं असतं. उबंटूत ‘वार लॉग एपीटी’ या फोल्डरातली हिस्टरी फाइल, फेडोरात ‘डीएनएफ हिस्टरी’ ही आज्ञा आणि आर्चमध्ये पॅकमनची लॉग फाइल उघडली की त्या दिवशी काय काय बदललं ते तारखेसकट दिसतं.

दोष नव्या कर्नलचाच ठरला, तर तपास चालू असेपर्यंत जुन्यावर काम करत राहायला हरकत नाही. फेडोरात ‘ग्रबी’ या आज्ञेने तो नेहमीसाठी ठरवता येतो, उबंटूत ग्रबच्या सेटिंगमध्ये. या काळात न वापरलेली पॅकेजं आपोआप काढणारी ‘ऑटोरिमूव्ह’ आज्ञा हात राखून द्या. काय काय काढलं जाणार आहे ते आधी वाचा. जुना कर्नल हा तुमच्याकडचा एकमेव साक्षीदार आहे, त्याला घालवू नका. आणि त्यावर वर्षानुवर्षं राहूही नका, कारण सुरक्षेच्या दुरुस्त्या नव्यातच येतात.

नोंदी काय सांगतात

कर्नल प्रत्येक झोपेची नोंद ठेवतो. मशीन अडकल्यामुळे बंद करून पुन्हा चालू केलं असेल, तर ‘जर्नलसीटीएल’ ही आज्ञा ‘वजा के’ आणि ‘वजा बी वजा १’ या पर्यायांसह द्या. त्याने मागच्या वेळच्या कर्नलच्या नोंदी दिसतात. मशीन अडकलं नसेल तर ‘वजा बी’च्या पुढचा ‘वजा १’ काढून टाका. शेकडो ओळींत घाबरून जायचं कारण नाही. ‘पीएम’ आणि अपूर्णविराम एवढं शोधा. झोपेला सुरुवात झाली की ‘पीएम: सस्पेंड एंट्री’ अशी ओळ पडते आणि जागं झाल्यावर ‘पीएम: सस्पेंड एक्झिट’. या दोन ओळींच्या मध्ये जे काही आहे, तेच आपल्या कामाचं.

एंट्रीची ओळच नसेल तर कर्नलला कुणी झोपायला सांगितलंच नव्हतं. मग ड्रायव्हर शोधत बसू नका. ‘सिस्टिमडी-इनहिबिट वजा वजा लिस्ट’ ही आज्ञा झोपेला कोण अडवतंय ते सांगते. व्हिडिओ चालवणारा प्रोग्रॅम, पॅकेज बसवणारा प्रोग्रॅम, डेस्कटॉपचा वीजव्यवस्थापक. बाहेरचा मॉनिटर जोडलेला असेल तर झाकण मिटूनही लॅपटॉप झोपत नाही, हे तर सिस्टिमडीचं ठरलेलं वागणं आहे. त्यात बिघाड नाही.

‘फ्रीझिंग’ने सुरू होणारी आणि ‘फेल्ड आफ्टर २०’ हे शब्द असलेली ओळ दिसली तर एखादा प्रोग्रॅम गोठायला तयार नव्हता. कर्नल वीस सेकंद वाट पाहतो आणि नाद सोडतो. ओळीखाली त्या प्रोग्रॅमचं नाव असतं. नेटवर्कवरचं फोल्डर जोडलेलं असेल आणि पलीकडचा सर्व्हर किंवा वाय-फाय आधीच गेलेलं असेल, तर हा प्रकार हमखास होतो. ते फोल्डर झोपेआधी सोडवून पाहा.

सगळ्यात बोलकी ओळ म्हणजे ‘सम डिव्हाइसेस फेल्ड टू सस्पेंड’. तिच्या वरच्या दोन-चार ओळींत नकार देणाऱ्या उपकरणाचं नाव आणि त्रुटीचा आकडा असतो. २०२२ च्या डिसेंबरात ६.१ कर्नल आला, त्या सुमाराचं प्रकरण यासाठी पाहण्यासारखं आहे. काही लॅपटॉप मधूनच झोपायला नकार देऊ लागले आणि नोंदीत नाव येत होतं टीपीएमचं, म्हणजे किल्ल्या सांभाळणाऱ्या सुरक्षेच्या चिपचं. या चिपकडून कर्नल यादृच्छिक आकडेही घेतो; ते घेणं आणि चिपला निजवणं एकाच वेळी आलं की जुन्या, पहिल्या पिढीच्या चिपा गोंधळत असाव्यात, असा अंदाज होता. मूळ कारण पूर्ण उलगडलेलं नसताना जेसन डोनेनफेल्ड यांनी २०२३ च्या जानेवारीत एक छोटी दुरुस्ती दिली: टीपीएम निजली नाही तरी बाकीच्या मशीनला झोपू द्या. एका उपकरणाच्या नकारापायी सगळ्यांची झोप मोडायची नाही. लोकांनी नोंदीतली नेमकी ओळ पाठवली म्हणूनच कर्नलच्या एवढ्या पसाऱ्यात ही जागा सापडली.

नोंदी चाळायच्या नसतील तर ‘सिस’ फोल्डरातल्या ‘पॉवर’मध्ये ‘सस्पेंड-स्टॅट्स’ नावाचं उपफोल्डर आहे; त्या नावात आडव्या रेघेऐवजी खालची रेघ, म्हणजे अंडरस्कोर, आहे हे लक्षात ठेवा. किती वेळा झोप यशस्वी झाली, किती वेळा फसली आणि शेवटी कुठल्या उपकरणावर फसली, हे तिथल्या छोट्या फायलींत मिळतं.

एंट्री आणि एक्झिटमध्ये दोन-चार सेकंदांचंच अंतर असेल आणि त्रुटी काहीच नसेल, तर लॅपटॉप झोपला होता, कुणीतरी त्याला उठवलं. यूएसबी माउसचा रिसीव्हर, ब्लूटूथ, नेटवर्क कार्ड हे नेहमीचे संशयित. बाहेरचं सगळं काढून पाहा. ‘प्रॉक’ फोल्डरातल्या ‘एसीपीआय’मध्ये ‘वेकअप’ ही फाइल आहे. कुणाला उठवायची परवानगी आहे त्याची ती यादी. त्या फाइलीत उपकरणाचं नाव लिहिलं की त्याची परवानगी उलटते. हा बदल मशीन पुन्हा चालू केल्यावर पुसला जातो, त्यामुळे चाचणीसाठी निर्धोक आहे.

झोपेचे दोन प्रकार आणि एक अति लोकप्रिय सल्ला

‘पीएम: सस्पेंड एंट्री’च्या पुढे कंसात एक शब्द असतो. तो ‘डीप’ असेल तर जुन्या पद्धतीची झोप; तिला एस-३ म्हणतात. मेमरी सोडून जवळपास सगळ्याची वीज तोडली जाते. तो ‘एसटूआयडल’ असेल, म्हणजे एस, मग २ हा आकडा, मग आयडल असा जोडशब्द असेल, तर नवी पद्धत. तिच्यात मशीन नावापुरतं चालूच राहतं आणि प्रोसेसर स्वतः अगदी खोल विश्रांतीत जातो. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून पुढच्या अनेक लॅपटॉपांत कंपन्यांनी एस-३ ठेवलेलीच नाही.

‘सिस’मधल्या ‘पॉवर’मध्ये ‘मेम’, खालची रेघ, ‘स्लीप’ अशा नावाची फाइल ‘कॅट’ आज्ञेने वाचा. उपलब्ध प्रकार दिसतील, आणि सध्या निवडलेला चौकटी कंसात असेल. ही फाइल जुन्या आणि नव्या, दोन्ही कर्नलवर वाचून ताडून पाहा. निवड बदललेली दिसली तर तुमचं कोडं तिथेच सुटलं.

कर्नलच्या सुरुवातीच्या ओळीत ‘डीप’ सक्तीने निवडणारा पर्याय घाला, हा सल्ला तुम्हाला जिकडेतिकडे मिळेल. तो सरसकट पाळू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्या फाइलीत ‘डीप’ हा शब्दच नसेल तर पर्यायाचा काही उपयोग होत नाही. शब्द असेल, पण कंपनीने त्या मॉडेलवर एस-३ ची परीक्षाच घेतलेली नसेल, तर लॅपटॉप झोपतो आणि उठतच नाही. म्हणजे बॅटरी उतरण्याच्या तक्रारीतून तुम्ही त्याहून वाईट जागी पोचता. आधी त्या फाइलीत लिहून तात्पुरतं ‘डीप’ निवडा, आठ-दहा वेळा झोप तपासा, जमलं तरच पर्याय कायम करा. काही थिंकपॅडांच्या बायॉसमध्ये झोपेचा प्रकार ‘लिनक्स’ की ‘विंडोज’ अशी निवड असते. तिथे ती बदलणं हा जास्त सरळ मार्ग.

नव्या पद्धतीच्या झोपेत बॅटरी भराभर उतरत असेल तर प्रोसेसर खोल विश्रांतीत पोचतच नाही, असा संशय घ्यावा. एकच उपकरण जागं राहिलं तरी सगळी चिप वरच्या पायरीवर अडकते. ६.५ आणि त्यापुढच्या बऱ्याच कर्नलांत ‘सस्पेंड-स्टॅट्स’ फोल्डरातच ‘लास्ट’, ‘एचडब्ल्यू’, ‘स्लीप’ असे तीन शब्द खालच्या रेघांनी जोडलेली फाइल असते. हार्डवेअर खरोखर किती काळ निजलं, तो काळ तिच्यात असतो, मायक्रोसेकंदांत. तासभर झोपवून आकडा शून्य आला तर निदान झालं. एएमडीच्या लॅपटॉपांसाठी त्याच कंपनीच्या अभियंत्यांनी केलेलं ‘एएमडी-डीबग-टूल्स’ हे साधन आहे. ते झोपेची चाचणी घेऊन काय चुकतंय याचा वाचनीय अहवाल देतं. एएमडीवाल्यांनी पहिल्याच दिवशी ते चालवावं.

बाहेरून आलेले ड्रायव्हर

कर्नलच्या सोबत न येणारे ड्रायव्हर प्रत्येक कर्नलसाठी नव्याने बांधावे लागतात. एनव्हिडिया, व्हर्च्युअलबॉक्स, काही वाय-फाय डोंगल हे त्यातले नेहमीचे. ‘डीकेएमएस स्टेटस’ ही आज्ञा द्या. नव्या कर्नलच्या आकड्यापुढे ‘इन्स्टॉल्ड’ दिसलं नाही तर ड्रायव्हर बांधलाच गेलेला नाही आणि तुमचं ग्राफिक्स कार्ड भलत्याच ड्रायव्हरवर चालू आहे. सिक्युअर बूट चालू असलेल्या मशीनवर ड्रायव्हर बांधला जातो, पण सहीअभावी कर्नल तो उचलत नाही. तेव्हा सहीची किल्ली नोंदवायचा निळा पडदा मागे कधी न वाचताच ओलांडला होता का, ते आठवा.

एनव्हिडियात झोपेसाठी तीन सेवा असतात: सस्पेंड, हायबरनेट आणि रिझ्यूम. ‘सिस्टिमसीटीएल’ने त्या चालू आहेत का पाहा. उठल्यावर पडद्यावर रंगांचा चिखल दिसत असेल किंवा खिडक्या विस्कटत असतील, तर कार्डाच्या मेमरीतला मजकूर झोपेआधी जपून ठेवण्याची ड्रायव्हरची सेटिंग बंद असण्याची शक्यता आहे. ती तुमच्या वितरणाच्या एनव्हिडिया पानावर दिलेली असते.

व्हर्च्युअलबॉक्ससारख्या गोष्टी चाचणीपुरत्या सरळ काढून टाका. कर्नलचे लोक बाहेरचे ड्रायव्हर असलेल्या मशीनच्या तक्रारीकडे सहसा वळत नाहीत आणि ते रास्तही आहे, कारण त्या ड्रायव्हरचा स्रोत त्यांच्या हातात नाही.

काळा पडदा आणि रिकामी नोंद

सगळ्यात अवघड प्रकार हाच. ‘सस्पेंड एंट्री’ पडते, त्यापुढे काहीच नाही. एसएसडीच निजलेली असल्याने शेवटच्या ओळी लिहिल्या गेलेल्याच नसतात. यासाठी कर्नलमध्ये एक सुंदर सोय आहे आणि ती फार कमी लोकांना माहीत आहे. ‘सिस’मधल्या ‘पॉवर’मध्ये ‘पीएम’, खालची रेघ, ‘टेस्ट’ ही फाइल. तिच्यात पायरीचं नाव लिहिलं की कर्नल झोपेचा प्रवास तेवढ्याच पायरीपर्यंत करतो, पाच सेकंद थांबतो आणि परत येतो.

आधी ‘सुडो वजा आय’ने रूट व्हा, नुसतं ‘सुडो एको’ करून या फायलींत लिहिता येत नाही, कारण बाणाच्या चिन्हापुढची फाइल तुमच्या साध्या खात्यातून उघडली जाते. मग फाइलीत ‘फ्रीझर’ हा शब्द लिहा आणि शेजारच्या ‘स्टेट’ फाइलीत ‘मेम’ लिहा. मशीन परत आलं तर पुढची पायरी ‘डिव्हाइसेस’, मग ‘प्लॅटफॉर्म’. जुन्या पद्धतीच्या झोपेत आणखी दोन पायऱ्या आहेत, ‘प्रोसेसर्स’ आणि ‘कोअर’. एसटूआयडलमध्ये त्या चालत नाहीत. काम संपल्यावर फाइलीत ‘नन’ लिहायला विसरू नका, नाहीतर लॅपटॉप दर वेळी अर्ध्या वाटेवरून परत येत राहील.

‘डिव्हाइसेस’ला अडकलं तर दोष एखाद्या ड्रायव्हरचा. ‘मॉडप्रोब वजा आर’ने एकेक ड्रायव्हर काढून तीच चाचणी पुन्हा घ्या. वाय-फायपासून सुरुवात करा, मग ब्लूटूथ, टचपॅड, कार्ड रीडर. एका वेळी एकच. दोन काढून झोप आली तर दोषी कोण ते कळत नाही आणि श्रम वाया जातात. दोषी सापडला की तात्पुरता उपाय हाताशी आहे: सिस्टिमडीच्या ‘सिस्टिम-स्लीप’ फोल्डरात एक छोटी स्क्रिप्ट ठेवायची. झोपेआधी तिला ‘प्री’ आणि जागं झाल्यावर ‘पोस्ट’ असा शब्द मिळतो. पहिल्याला ड्रायव्हर काढायचा, दुसऱ्याला परत घालायचा. सगळ्या पायऱ्या पार होऊनही खरी झोप अडकत असेल, तर संशय फर्मवेअरवर जातो. मग ‘एफडब्ल्यूयूपीडी’मधून बायॉसचं नवं अपडेट आहे का पाहावं.

चाचणीत मशीन गोठलं तर लगेच पॉवरचं बटण दाबून धरू नका. ऑल्ट आणि सिस-रिक्वेस्ट दाबून ठेवून एस, यू, बी ही अक्षरं थोड्या थोड्या अंतराने दाबा. फायली डिस्कवर उतरतात, डिस्क फक्त वाचनासाठी राहते आणि मग मशीन पुन्हा सुरू होतं. पुष्कळ लॅपटॉपांवर सिस-रिक्वेस्ट ही प्रिंट-स्क्रीनच्या बटणावरच असते आणि त्यासोबत एफएन लागतो. कर्नल पूर्णच मेला असेल तर अर्थात यानेही हलणार नाही. तेव्हा बटणाला पर्याय नाही.

तक्रार नोंदवा, आणि नीट नोंदवा

तात्पुरता उपाय मिळाला की बहुतेक जण थांबतात. तिथे थांबू नका, ही कळकळीची विनंती आहे. आधी जे चालत होतं ते नव्या कर्नलने मोडता कामा नये, हा लिनस टॉरवाल्ड्स यांनी वर्षानुवर्षं लावून धरलेला नियम आहे. अशा बिघाडांसाठी कर्नलच्या लोकांची वेगळी मेलिंग लिस्ट आहे आणि ‘रेग्झबॉट’ नावाचा प्रोग्रॅम त्यांचा पाठपुरावा ठेवतो. पण तुमचं मॉडेल त्यांच्या टेबलावर नाही. एकाच नावाने विकल्या जाणाऱ्या लॅपटॉपांतही वाय-फाय कार्ड आणि एसएसडी वेगवेगळी असतात. ते हार्डवेअर ज्याच्या मांडीवर आहे, त्यानेच सांगायला हवं.

सुरुवात वितरणाच्या तक्रारनोंदीपासून करा. मॉडेलचं पूर्ण नाव, बायॉसची आवृत्ती, नीट चाललेला शेवटचा कर्नल, मोडलेला पहिला कर्नल, झोपेचा प्रकार आणि एंट्रीपासूनच्या नोंदी एवढं द्या. ‘नीट चाललेला’ आणि ‘मोडलेला’ यांतलं अंतर तुम्ही जितकं कमी कराल तितकं काम हलकं होतं. वितरणाने मधल्या ज्या आवृत्त्या दिल्या त्या बसवून पाहणं हा अंतर कमी करण्याचा फुकटचा मार्ग. ज्यांना कर्नल स्वतः बांधता येतो त्यांच्यासाठी ‘गिट बायसेक्ट’ आहे. दर खेपेला उरलेल्या बदलांच्या मधला कर्नल बांधायचा आणि झोपतो की नाही एवढं सांगायचं. दर खेपेला संशयित निम्मे होतात, त्यामुळे दहा-पंधरा हजार बदलांतून एकच दोषी शोधायला साधारण चौदा खेपा लागतात. सुट्टीचे दोन दिवस जातील. पण दोषी बदलाचं नाव हाती आलं की दुरुस्ती बहुधा लांब राहत नाही, कारण तो बदल कुणी केला ते त्याच्यावरच लिहिलेलं असतं.

दुरुस्ती असलेला कर्नल आला की तुम्ही घातलेले पर्याय, स्लीपची स्क्रिप्ट आणि जुन्या कर्नलची कायमची निवड काढून टाका, मगच तो तपासा. मग तक्रारीखाली परत जाऊन ‘या आवृत्तीत नीट चालतं’ एवढी एक ओळ लिहा. ती मिळाली की तक्रार खात्रीने बंद करता येते.